जळालेली गाडी उघडायची कोणी?

राहाता तालुक्यातल्या एका वस्तीवर शेडखाली उभी असलेली गाडी रात्री पेटली. गाडी माझ्या चुलतभावाची, पेट्रोलवरची, पाचव्या वर्षात आलेली. आत कोणी नव्हतं, किल्ली घरात खुंटीला होती. हॉर्न आपोआप वाजायला लागला तेव्हा घरचे बाहेर धावले. तोवर बॉनेटच्या मागच्या कडेतून धूर येत होता आणि काचेच्या आत तांबडं दिसत होतं. आधी मातीची घमेली ओतली, मग शेजारच्या पोल्ट्रीतला पावडरचा सिलिंडर आणला. साखर कारखान्याचा बंब पोहोचला तेव्हा आग जवळजवळ आटोक्यात होती. माणसांना खरचटलंसुद्धा नाही. डॅशबोर्ड, पुढच्या सीटा आणि आतलं बहुतेक वायरिंग गेलं. इंजिन, चाकं, मागची बाजू शाबूत राहिली.

सगळी जळून कोळसा झाली असती तर पुढचं सोपं होतं. अर्धी वाचलेली गाडी माणसाला जास्त पेचात टाकते. या गाडीवरून आमच्या सावेडीच्या घरी दोन माणसांत जे बोलणं झालं ते इथे मांडतो आहे. एक माझे मामा. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, कार, सगळ्यांचं वायरिंग करण्यात त्यांचं नगरमध्ये उभं आयुष्य गेलं. दुसरी माझी धाकटी बहीण. वकील आहे, ग्राहक आयोगात विम्याची प्रकरणं चालवते. गाडी रस्त्यावर परत कधी येईल, ही मामांची चिंता. गाडी का पेटली हे कागदावर कधी येईल, ही तिची. मला दोघांचंही पटत होतं, पण सारखं नाही.

मामा आले ते खिशातून कागदाची पुडी काढतच.

मामा: तुझी कलमं नंतर सांग पोरी. आधी हे बघ.

पुडीत बोटभर लांब वायर होती. एका टोकाला लाल इन्सुलेशन अजून चिकटलेलं आणि तिथला काप ताजा, चकचकीत. मध्ये काळी खरपूड. दुसऱ्या टोकाला तांब्याचा गोल, गुळगुळीत मणी, ज्वारीच्या दाण्याएवढा. मण्याच्या लगेच मागे तांब्याचे बारीक पदर सुटे दिसत होते, अजिबात न वितळलेले.

मामा: आगीच्या आचेनं तांबं वितळलं ना, की तार लांबवर पातळ होत जाते, पदर एकमेकांत मिसळतात, थेंब ओघळतात. हे तसं नाही. एवढ्याच टोकाला ठिणगी पडली, टोक वितळून मणी धरला, आणि मागची तार आहे तशी. म्हणजे वायर बॉडीला टेकली तेव्हा तिच्यात करंट होता. आता मला कोणाचा रिपोर्ट लागत नाही.

भाची: हा तुकडा तुम्ही गाडीतून कापून आणला?

मामा: मग काय, तिथं ठेवून देऊ? उद्या कोणी झाडून टाकला असता.

भाची: मामा, सर्व्हेअर अजून यायचाय. कापण्याआधी फोटो काढला होता?

मामा: फोटो कसला, हात काळे झालेले.

भाची: मग या मण्याला आता तुमच्या शब्दाशिवाय दुसरा आधार नाही. आणि तो सांगतो काय, तर वायरीत करंट होता एवढंच. डॅशबोर्ड दुसऱ्याच कशाने पेटला असेल, त्या आगीत हिचं इन्सुलेशन गेलं असेल आणि मग ही बॉडीला टेकली असेल, तरी असाच मणी धरणार. आग आधी की मणी आधी, हे एका तुकड्यावरून कोणालाच सांगता येत नाही.

मामा: ते मला शिकवू नको. म्हणून तर जागा बघायची असते. एका वायरीला दोन-तीन ठिकाणी मणी सापडले, तर बॅटरीपासून सगळ्यात लांबचा जो असेल तो आधीचा. जवळच्या ठिकाणी वायर तुटली की पुढं करंट जातच नाही, मग पुढं मणी धरेल कसा? लांबून सुरुवात करायची आणि बॅटरीकडं मागं मागं यायचं.

भाची: मीही तेच म्हणते. सगळं जागेवर आहे. आणि जागेवरूनच तुम्ही तो उचलला.

मामा गप्प झाले. जळालेल्या गाडीबाबत सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, असं मला वाटतं. आग विझल्यावर ज्याला गाडीतलं कळतं तो माणूस जिवाच्या ओढीने आत हात घालतो, आणि ज्याच्या सहीला किंमत आहे तो दोन दिवसांनी येतो. तोवर निम्म्या वायरी उपसलेल्या असतात. एक काम मात्र मामांनी न विचारता केलं होतं आणि ते बरोबरच होतं: बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल त्यांनी पहिल्याच सकाळी काढून बाजूला बांधून ठेवलं. जळक्या वायरिंगमध्ये बॅटरी जोडलेली राहिली तर विझलेली गाडी ओढून नेताना पुन्हा पेटू शकते. (बॅटरीवर चालणाऱ्या गाडीचं तर याहून अवघड. लिथियमची बॅटरी विझल्यावर कित्येक तासांनी, कधी दिवसांनीही परत पेट घेते. ती गाडी घरापासून आणि दुसऱ्या वाहनांपासून पन्नासएक फूट लांब, उघड्यावरच ठेवली पाहिजे.)

भाची: ही वायर कशाची?

मामा: डिकीतल्या अँप्लिफायरची. बॅटरीवरून थेट घेतलेली. इंजिनच्या मागच्या पत्र्याच्या भोकातून आत, ड्रायव्हरच्या गुडघ्याखालून, कार्पेटखालून डिकीत. आता तूच विचार कर. गाडी बंद, किल्ली खुंटीला. बंद गाडीत करंट कुठं असतो? सेल्फची आणि अल्टरनेटरची जाड केबल, हॉर्न, सेंट्रल लॉक, घड्याळ, पार्किंगचे दिवे, आणि बाहेरून कोणी बॅटरीवरून ओढलं असेल ते. बाकी बहुतेक सगळं किल्लीच्या मागं. म्हणजे संशयित मोजकेच.

भाची: आणि त्यात तुमचं बोट थेट अँप्लिफायरवर.

मामा: कारण भोकाला रबर नाही. पत्र्याची कडा सुरीसारखी असते. नगर-मनमाड रस्त्यावरच्या हादऱ्यांनी ती रोज थोडं थोडं इन्सुलेशन कापते. आणि फ्यूज लावलाय तो डिकीत, अँप्लिफायरच्या तोंडाशी. फ्यूज यंत्र वाचवायला नसतो गं, वायर वाचवायला असतो. तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर पाहिजे. इथं बॅटरीपासून डिकीपर्यंतची अख्खी वायर उघड्यावर.

भाची: ऊसतोड झाल्यावर उंदीरही घराकडे, गाड्यांकडे वळतात. उंदराने कुरतडली असेल तर?

मामा: असेल. कुरतडलेल्या इन्सुलेशनवर दातांच्या बारीक खाचा राहतात, लेंड्या सापडतात. आत जिथं जळालं नाही तिथं शोधावं लागेल. मी नाही म्हणत नाही.

भाची: मामा, पुढचे फॉग लॅम्प कोणी बसवलेत?

मामा: मी.

भाची: रिले लावून?

मामा: रिले लावून. बॅटरीजवळ पंधराचा फ्यूज, पुढं कंपनीची जाड वायर, वरून नळी.

भाची: पण बॅटरीपासून रिलेपर्यंतची वायर किल्ली काढली तरी जिवंतच राहते ना?

मामा: राहते. म्हणून तर फ्यूज. तो फ्यूज अजून तिथंच आहे. उडालाय का शाबूत आहे, मी बघितलेलं नाही. माझं काम होतं ते, दुसऱ्यानं बघावं.

भाची: म्हणजे दुसऱ्याचं काम तुम्ही कापून आणलं आणि स्वतःचं झाकून ठेवलं. तुमचा हेतू मला माहिती आहे. पण विमा कंपनीचा वकील हे कसं वाचेल?

माझे मामा रागावले ते एवढ्या बोलण्यात एकदाच, इथे. मी त्यांच्या बाजूने होतो, कारण त्यांचा प्रामाणिकपणा मी लहानपणापासून पाहिला आहे. पण बहिणीचा प्रश्न चुकीचा नव्हता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने उत्पादकाची जबाबदारी स्पष्ट मांडली. निर्मितीत दोष असेल तर कंपनीने निष्काळजीपणा केला का, हेही ग्राहकाला सिद्ध करावं लागत नाही. त्याच कायद्यात विकणाऱ्याला सुटकेची वाटही आहे: वस्तूत बदल केला असेल, तर जबाबदारी नाही. म्हणून अशा प्रकरणात सगळी लढाई त्या बाहेरून बसवलेल्या दोन-चार वायरींभोवती होते. दोष मूळ वायरिंगचा असला तरी आधी बोट दाखवलं जातं ते फॉग लॅम्पकडे.

मामा: मग काय, लोकांनी दिवे लावूच नयेत? रात्री उसाच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या चालतात, कंपनीच्या उजेडात दिसतं काय त्या?

भाची: लावावेत. पावती घेऊन लावावेत आणि पॉलिसीत नोंद करून लावावेत. जादा इलेक्ट्रिक सामान पॉलिसीत वेगळं नोंदवता येतं, बाहेरून बसवलेला सीएनजी किटसुद्धा. थोडा हप्ता वाढतो. नोंद नसली की पहिली हरकत तीच निघते.

मामा: आणि बल्बचं? पंचावन्न-साठ वॅटच्या जागी नव्वद-शंभरचा बल्ब लोक पट्कन टाकतात. साठला बारा व्होल्टवर पाच अँपिअर जातात, शंभरला सव्वाआठ. वायर तीच. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे त्याच वायरीत जवळजवळ पावणेतीन पट गरम. मग फ्यूज उडायला लागला की मोठा फ्यूज टाकतात, तोही नसला तर तार गुंडाळतात. मी परत पाठवतो अशी गिऱ्हाइकं.

भाची: हे सगळं तुम्ही मला सांगताय, पोलिसांना कोणी सांगितलं? पंचनाम्यात काय लिहिलंय बघा. अकस्मात जळिताची नोंद आणि पुढे एक ओळ: शॉर्ट सर्किटमुळे आग. बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं त्यांनी.

मामा: बरंच आहे की. क्लेमला तेवढा कागद लागतो, मिळाला. कशाला उकरत बसायचं?

भाची: हिंजवडीचं आठवतं? १९ मार्च २०२५. कंपनीच्या माणसांना घेऊन चाललेला टेम्पो ट्रॅव्हलर सकाळी पेटला, चौघे गेले. पहिल्या दिवशी सगळीकडे तेच, शॉर्ट सर्किट. पोलिसांनी खोलात जाऊन पाहिलं तेव्हा त्यांनी सांगितलं की चालकानेच ज्वलनशील रसायन ठेवून आग लावली. पहिल्या अंदाजावर थांबले असते तर?

मामा: तो गुन्हा होता. इथं कोण कशाला पेटवेल?

भाची: इथे कोणी पेटवली असं मी म्हणतच नाही. न बघता लिहिलेलं कारण खरं असेलही, पण ते कोणाच्या उपयोगाचं नाही, एवढंच म्हणते.

नगरला हे वेगळं सांगावं लागू नये. ६ नोव्हेंबर २०२१ ला इथल्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, अकरा कोविड रुग्णांचा जीव गेला. १६ ऑक्टोबर २०२३ ला आष्टीहून येणाऱ्या रेल्वेचे पाच डबे नारायणडोहजवळ जळाले. प्रवासी वेळेत उतरले म्हणून अनर्थ टळला. अशा आगीनंतर निदान चौकशी बसते. वस्तीवरच्या गाडीसाठी कोणी समिती नेमत नाही. त्याच नगरमध्ये वाहननगरला संरक्षण संशोधन संस्थेची व्हीआरडीई आहे. पुण्याच्या एआरएआयप्रमाणेच ती देशातल्या वाहनांना मंजुरीआधी तपासणाऱ्या संस्थांपैकी एक. विकण्याआधी गाडी इतकी कसून तपासणारा हा जिल्हा जळाल्यानंतर तिच्याकडे एका ओळीत बघतो, याची मला खंत वाटते.

भाची: २०१० साली मुलुंडला शोरूममधून घरी नेतानाच नवीकोरी नॅनो पेटली होती. आणखीही काही पेटल्या. कंपनीचं म्हणणं होतं की रचनेत दोष नाही. जादा बसवलेलं इलेक्ट्रिक सामान किंवा सायलेन्सरला लागलेली बाहेरची वस्तू कारण असावी. पण त्याच वर्षाअखेर त्यांनी सगळ्या नॅनोंना सायलेन्सर आणि वायरिंगला जादा संरक्षण फुकट बसवून द्यायचं जाहीर केलं. पेटलेल्या गाड्या उघडून बघितल्या गेल्या म्हणून न पेटलेल्या सुधारल्या.

मामा: ती मोठी कंपनी, पेपरात आलं म्हणून हललं. आपल्या एका गाडीनं कोण हलतंय?

भाची: आता १ एप्रिल २०२१ पासून नियम आहे. सात वर्षांच्या आतली गाडी असेल तर दोषाची तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते, आणि एका मॉडेलच्या ठरावीक इतक्या तक्रारी झाल्या की सरकार चौकशी करून गाड्या परत बोलवायला लावू शकतं. मोजणीवर चालतं ते, मामा. आपली एक तक्रार म्हणजे एक आकडा. पण दोष कुठला ते तर कळायला हवं.

मामा: बरं, तुझं सगळं मान्य. आता माझं ऐक. त्या पोराला रोज राहात्याहून शिर्डीला जावं लागतं, बायको गरोदर आहे. गाडीवर पतसंस्थेचं कर्ज आहे. टोटल लॉस केलीस तर त्याच्या हातात काय पडतं, सांग की.

बहिणीने कागदावर हिशेब केला. गाडीची आजची शोरूमची किंमत सात लाख धरली, तर चार ते पाच वर्षांच्या गाडीला निम्मी वजावट, म्हणजे विम्याची घोषित किंमत साडेतीन लाख. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे २ लाख ६२ हजार ५०० च्या वर गेला तर टोटल लॉस. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं पहिलं एस्टिमेट त्याच्या वर गेलेलं होतंच. पैसे आधी पतसंस्थेला. तिथे २ लाख २० हजार बाकी. मालकाच्या हातात सव्वा लाखाच्या आसपास, आणि गाडी गेलेली.

मामा: बघ. आणि मी सत्तर-ऐंशी हजारात उभी करतो. वायरिंग सेट नवा, डॅशबोर्ड भंगारातून चांगला बघून, सीट राहात्यालाच होतील. पंधरा दिवसांत चालू.

भाची: चालू होईल. सहा महिन्यांनी काय होईल ते सांगा. वायरींचं पीव्हीसी जळताना आम्लाचा धूर सोडतं. तो धूर ओलाव्याबरोबर प्रत्येक कपलरमध्ये, प्रत्येक कॉम्प्युटरच्या पेटीत जाऊन बसतो. वर सिलिंडरची पावडर. ती हवेतली ओल ओढते आणि धातू खाते. तुमचा नवा सेट जुन्या पेट्यांना जोडणार ना?

मामा: टर्मिनलवर हिरवं चढतं, माहितीये मला. म्हणून आधी व्हॅक्यूमनं पावडर काढायची, पाणी मारायचंच नाही. लोक आधी धुतात आणि वाट लावतात.

भाची: आणि एअरबॅग? जळालेल्या स्टीअरिंगमध्ये ती न फुटता बसलीय. टेस्ट लॅम्प लावून वायरी तपासणारा कोणी भेटला तर तोंडावर फुटायची.

मामा: पिवळ्या कपलरला मी हात लावत नाही. माझ्या पोरांनाही सांगून ठेवलंय. पण तू म्हणतेस ते खरं, ते काम माझं नाही, कंपनीच्याच माणसाचं. त्याचे पैसे मी धरले नव्हते.

भाची: सगळ्या पेट्या आणि एअरबॅग धरा, मग सांगा आकडा.

मामांनी आकडा सांगितला नाही. मला वाटतं हिशेब मनातल्या मनात झाला होता. तरीही त्यांच्या बाजूचं एक म्हणणं राहतंच आणि ते मी खोडून काढू शकत नाही: कागदावर गाडीची किंमत निम्मी होते, पण तिच्यावर चालणाऱ्या घराची गरज निम्मी होत नाही. टोटल लॉसचा चेक म्हणजे भरपाई, असं समजणाऱ्या माणसाने एकदा पतसंस्थेचा हिशेब शेजारी ठेवून बघावा.

विम्यातली खरी मेख बहिणीने नंतर सांगितली. आपण ज्याला फर्स्ट पार्टी म्हणतो त्या पॉलिसीत आग, स्फोट, गाडीचं आपोआप पेटणं, वीज पडणं हे पहिल्याच ओळीत येतं. पण पुढे अपवादांत 'यांत्रिक किंवा विद्युत बिघाड' असाही शब्द आहे. वायर नुसती धुमसली, ज्वाळा दिसली नाही, तर कंपनी याला बिघाड म्हणू शकते. म्हणून जळालेला पत्रा, उडालेला रंग, वितळलेली काच यांचे फोटो, बंबाच्या माणसांचा दाखला आणि आग पाहणाऱ्या शेजाऱ्यांचे जबाब पहिल्याच दिवशी जमवायचे. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीच्या आगीला एक पैसाही मिळत नाही.

मामा: आणि नाकारलाच क्लेम तर?

भाची: आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही आणि वकीलही चालत नाही, साध्या अर्जावर चालतं. नाहीतर नगरचा जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. पण दोन्हीकडे विचारणार एकच: कारण काय, आणि सामान जागेवर होतं का?

मामा: टोटल लॉस झाली तर गाडी मी घेतो. इंजिन चांगलं आहे.

भाची: इंजिन घ्या, पण आरसी भंगारात जाऊ देऊ नका. गाडी कायमची निकामी झाली तर चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची, असं मोटार वाहन कायद्याचं ५५ वं कलम सांगतं. आपल्याकडे लोक कागदांसकट गाडी विकून मोकळे होतात आणि मग तोच एमएच-१७ नंबर कुठल्या तरी चोरीच्या गाडीवर फिरतो. समन्स येतं ते मूळ मालकाला.

मामांनी मान हलवली. मग पुडी तिच्यापुढे सरकवली.

मामा: याचं काय करू?

भाची: पाकिटात घाला, वर तारीख, वेळ आणि जागा लिहून सही करा. सर्व्हेअर आला की तुम्ही स्वतः सांगायचं की हा मी कापला, इथून कापला, आणि फॉग लॅम्पही मीच बसवलेत. दुसरं टोक गाडीत आहे ना?

मामा: आहे. काप ताजा आहे, जुळवून दाखवता येईल.

भाची: मग अगदीच गेलं नाही. आणि माझा आग्रह आहे की गाडी सर्व्हेअरसमोर तुम्हीच उघडायची. एकेक पट्टी काढायची, प्रत्येक पायरीला फोटो. त्याला गाड्यांचे भाव कळतात. वायर तुम्हाला कळते.

मामा: माझा फ्यूज पहिला उघडायचा.

भाची: पहिला. आता अँप्लिफायर कोणी बसवला ते सांगा. त्याचंही नाव लागेल.

मामा: राहात्याचा पोरगा आहे. माझ्याच हाताखाली शिकला. दुकान टाकून झाली दोन-तीन वर्षं. बारक्या दुकानावर नोटीस गेली तर बसेल बिचारा.

भाची: आत्ता त्याच्याशी काही बोलू नका. सर्व्हे होऊ दे. त्याने आधीच काही कबूल केलं तर उद्या सगळं त्याच्या अंगावर येईल, आणि कारण कदाचित उंदीर निघेल.

मामा: तू थांब म्हणतेस?

भाची: फक्त रिपोर्ट येईपर्यंत.

मामा: नाही थांबायचो. कारण उंदीर निघो नाहीतर काहीही निघो, बॅटरीजवळ फ्यूज नाही हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यानं ज्या पद्धतीनं ही वायर ओढली त्याच पद्धतीनं दुसऱ्या गाड्यांत ओढली असणार. त्या आज रात्री कोणाच्या तरी शेडखाली उभ्या राहणार आहेत. मी उद्या सकाळी राहात्याला जातो. वहीत त्याच्या गिऱ्हाइकांचे नंबर असतात, मीच लावलेली सवय आहे. एकेकाला फोन करायचा, गाडी बोलवायची, भोकात रबर बसवायचं आणि फ्यूज बॅटरीपाशी आणायचा. अर्ध्या तासाचं काम आहे. पैसे घ्यायचे नाहीत.

भाची: मामा, हा कबुलीजबाब ठरेल. त्याचा आणि तुमचाही.

मामा: ठरू दे.

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. कागद, जागा, पुरावा या बाबतीत मी तिच्या बाजूने होतो आणि आजही आहे. पण या एका गोष्टीत मी मामांच्या बाजूने बोललो. तिने थोडा विचार केला आणि एवढंच म्हणाली की फोन करताना जुन्या गाडीचा विषय काढू नका, नुसतं फ्यूजची जागा बदलायची आहे म्हणा, आणि आलेल्या प्रत्येक गाडीचा आधीचा फोटो काढून ठेवा.

मामांनी विचारलं, फोटो कुठून घ्यायचा, वरून की बॅटरीच्या बाजूने. ती म्हणाली, दोन्हीकडून, आणि नंबर प्लेटसकट.